धामणीचं पिल्लू आणि तेरावी प्रतिज्ञा

या अंकासाठी संपादकाने माझ्याकडे कविता मागितली होती. कविता झाली नाही. डोक्यात एक प्रश्न घुसून बसला होता आणि तो निघाल्याशिवाय दुसरं काही आत यायला तयार नव्हतं. प्रश्न मोठा आहे, पण तो घातला एका सापाच्या पिल्लाने. ज्याला हसायचं असेल त्याने आधी हसून घ्यावं आणि मग वाचावं.

मी मूलकडच्या एका राइस मिलमध्ये काम करतो. शिक्षण दहावी नापास. बाकीचं जे काही आलं ते जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तकांतून आणि रातपाळीत हलर बंद असताना. धानाची पोती उतरवायची, हलरवर टाकायची, भुसा मागे ओढायचा, हे माझं काम. जिथे धान तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे धामण. धामण बिनविषारी, ती उंदीर खाते, हे मिलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी ती दिसली की प्रत्येक जण फावडं उचलतो. मीही उचललेलं आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी साधू वाटणार नाही.

मागच्या वर्षी पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मिलच्या मागे भुशाचा जुना ढीग आहे, आतून गरम असतो. ट्रॅक्टर भरायला फावडं मारलं तर आत चामड्यासारखी पांढरी अंडी निघाली. फुटलेली. आणि दीड वीत लांबीची, पेन्सिलीएवढी बारीक पिल्लं चहूकडे पळाली. ‘साप, साप’ अशी बोंब झाली. पाच मिनिटांत सगळं संपलं. मी मोजली, सात मेली. आठवं माझ्या पायाजवळच्या रिकाम्या पोत्यात शिरलं. मी पोतं गुंडाळलं, बगलेत मारलं आणि घरी आणलं.

का आणलं? तेव्हा वाटलं दयेने. बावीस प्रतिज्ञा मला लहानपणापासून पाठ आहेत. माझा आजा 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्याच्या दीक्षाभूमीवर गेला होता. पोरगाच होता तेव्हा, गावातल्या माणसांबरोबर पायी गेला. त्याने आम्हाला अक्षरं शिकवली नाहीत, कारण त्याला येत नव्हती. प्रतिज्ञा मात्र शिकवल्या. त्यातली तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचं पालन करण्याची आहे. मी मनात म्हटलं, चला, आज तेरावी पाळू.

हा ‘पाळू’ शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी भांडायचं आहे.

पिल्लू चिवड्याच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवलं. झाकणाला भोकं पाडली. आई म्हणाली, ‘‘कायले आनलं बाबू हे?’’ मी म्हटलं, पोरकं आहे. पोरकं म्हटल्यावर आई गप्प झाली. तिची आई ती चार वर्षांची असताना वारली.

पिल्लू खाईना.

दुसऱ्या दिवशी शेजारची बाई वाटीत दूध घेऊन आली. आमच्या घरात नागपंचमी नाही, आज्यापासून नाही. नागपूरला 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा इतिहास सांगितला, ते नाग म्हणजे हाडामांसाची माणसं. फण्याला दूध पाजण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मी स्वतः दोन सभांत बोललेलो आहे. आणि तरी मी वाटी घेतली! लेकरू उपाशी आहे म्हटल्यावर डोकं चालत नाही. मी पिल्लाचं तोंड दुधात बुडवलं. नाकातून बुडबुडे आले, त्याने अंग पिळलं. साप दूध पीत नाही. नागपंचमीला जे पितात ते गारुड्याने दिवसचे दिवस तहानलेले ठेवलेले असतात, आणि त्या दुधानेच पुढे मरतात. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या घडीला आठवणं वेगळं.

मग बांधावरून बारकी बेडकी पकडून आणली आणि बरणीत सोडली. मला वाटलं सकाळी बेडकी नसेल. सकाळी दोघंही होती. एका कोपऱ्यात पिल्लू वेटोळं करून, दुसऱ्या कोपऱ्यात बेडकी काचेला चिकटल्यासारखी. दुसऱ्या रात्रीही तसंच. खाणारं आणि खाल्लं जाणारं, दोघंही माझ्याकडेच बघत होती. त्या बरणीत दोघांनाही एकमेकांपेक्षा माझं भय जास्त होतं. मी बेडकी सोडून दिली.

नवव्या दिवशी त्याने कात टाकली. आम्ही खूष झालो. वाटलं आता खाईल. नाही खाल्लं. मी दिवसातून वीस वेळा झाकण उघडायचो. कामावर जाताना, आल्यावर, जेवताना, रात्री टॉर्च मारून. मिलमधले मित्र बघायला यायचे. पोट्टे हातात घ्यायचे. बाराव्या दिवशी मला राग आला. होय, राग. तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू खात नाहीस? मी आगकाडीने त्याचा जबडा उघडला आणि अंड्याचा बलक आत सारला. त्याने थोडा वेळ तसाच ठेवला, मग सगळं बाहेर टाकलं आणि दोरीसारखं लांब पडून राहिलं.

आई दारातून बघत होती. एवढंच म्हणाली, ‘‘त्याले भूक नाई म्हनून नाई खात असं नाई बाबू. तुह्या हातचं नाई खात ते.’’

त्या रात्री मला तो पोरगा आठवला.

दोस्तांनो, आता खरी गोष्ट सुरू होते. तुमच्यातल्या काहींना ती ठाऊक आहे, पण आपण तिच्याबद्दल कधी बोललो नाही. तीन वर्षांमागे आमच्या मंडळाने ठरवलं की नुसती भाषणं बस झाली, एक तरी पोरगा शिकवायचा. भामरागडकडून एक माडिया पोरगा आणला. तेरा वर्षांचा. आठवीत घालायचा होता. चंद्रपुरात खोली घेतली, वर्गणी केली, नवे कपडे, दप्तर, चपला. बाबासाहेबांचा फोटो लावला. पहिल्या दिवशी त्याला मध्ये बसवून वरण, भात, पोळी, भाजी वाढली. आम्ही नऊ जण भोवती उभे. एकाने मोबाईलवर फोटो काढला.

त्याने दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ताट तसंच. आम्ही समजावलं, मग ओरडलो. मी त्याचा हात धरून ताटावर बसवला, मी स्वतः. म्हटलं, ‘‘अरे, आमच्या बापाला हे मिळत नव्हतं!’’ त्याला काय कळलं असेल? आमच्या नऊ जणांत एकालाही माडिया भाषेत ‘जेवलास का’ एवढं विचारता येत नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे तो निघून गेला. चपला ठेवून गेला. चार दिवसांनी निरोप आला की घरी पोचला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि मग एकमेकांत म्हणालो, ‘‘यांना शिकायचंच नाही.’’

हे वाक्य कुणाचं आहे, दोस्तांनो? आपल्याबद्दल हे वाक्य किती पिढ्या बोललं गेलं? ते आपल्या तोंडात कसं आलं?

इथे कोणी उठून म्हणेल, माणसाची तुलना सापाशी करतोस? महाडला चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती, म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. आपल्याला जनावराच्या खाली ठेवलं गेलं, आणि तू एका आदिवासी पोराला सापाच्या शेजारी बसवतोस? आक्षेप बरोबर आहे. पण तुलना पोराची आणि पिल्लाची नाही. तुलना माझ्या हाताची माझ्याच हाताशी आहे. दोन्ही ठिकाणी हात तोच होता. वाढणारा हात, धरणारा हात, आणि नाही म्हटल्यावर चिडणारा हात.

आता त्या शब्दाकडे येतो. पाळणं.

आपल्या मराठीत कुत्रा पाळतात, साप पाळतात. विटाळही पाळतात. सोवळं पाळतात. शिवाशिव पाळली जायची, आणि अजून जिथे पाळली जाते तिथे हाच शब्द आहे. मी खूप दिवस विचार केला की हे एकच क्रियापद दोन्हीकडे कसं? जवळ घेणं पण पाळणं आणि दूर ठेवणं पण पाळणं? मग बरणीकडे बघताना उजेड पडला. शिवाशिवीत अंतर किती ठेवायचं ते एकच बाजू ठरवते. पाळीव जनावराच्या बाबतीत जवळ किती घ्यायचं ते एकच बाजू ठरवते. एकीकडे अंतर, दुसरीकडे जवळीक, पण ठरवणारा एकच. दुसऱ्याला विचारलेलं नसतं. म्हणून शब्द एक आहे.

आमचा मालक चारचौघांत म्हणतो, ‘‘मी वीस माणसं पोसतो.’’ पोती आम्ही उतरवतो, तांदूळ आम्ही काढतो, भुसा आमच्या छातीत जातो, आणि पोसतो तो. एकदा त्याने मला मिलच्या आवारात फुकट खोली दिली. मी हरखलो. पुढे कळलं की फुकट खोलीचा अर्थ रात्री दोनला ट्रक आला तरी हाक मारली की उठायचं. खोली सोडली तेव्हा तो खरोखर दुखावला. ‘‘एवढं केलं तुझ्यासाठी!’’ मी बाराव्या दिवशी आगकाडी हातात घेऊन जे बोललो, तेच. मालकाचं दुःख खोटं नव्हतं. माझंही नव्हतं. म्हणूनच भय वाटतं. दया खरी असूनही मालकी असू शकते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1932 मध्ये गांधींनी येरवड्यात अन्न सोडलं, पुणे करार झाला, आणि त्यानंतर आपल्या उद्धारासाठी संघ निघाला, तो पुढे हरिजन सेवक संघ झाला. नोव्हेंबर 1932 मध्ये बाबासाहेबांनी संघाचे सचिव ठक्कर यांना पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की चार माणसांना सद्गुण शिकवून, शिष्यवृत्त्या देऊन भागणार नाही. विहिरीचा, शाळेचा, रस्त्याचा नागरी हक्क मिळवायला लढा, रोजगाराची समान संधी द्या, माणसांमाणसांतला व्यवहार बदला. ते झालं नाही. पुढे 1945 मध्ये काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी या कामावर एक प्रकरण लिहिलं आणि मथळ्यातच म्हटलं की ही दयेने मारण्याची योजना आहे. दयेने मारणे! मी हे शब्द पूर्वी वाचले होते आणि टाळी वाजवली होती. तेव्हा वाटलं होतं की हे फक्त ‘त्यांच्याबद्दल’ आहे.

मग काय, दया करूच नये? प्रतिज्ञा खोटी? तसं नाही. मे 1956 मध्ये बीबीसीवर बोलताना बाबासाहेबांनी बुद्धधम्म का आवडतो ते सांगितलं. तीन गोष्टी एकत्र मिळतात म्हणून. प्रज्ञा, करुणा आणि समता. मी हा क्रम नुसता घोषणेसारखा म्हणत आलो. आता वाटतं क्रमातच सगळं आहे. करुणा मध्ये आहे. तिच्या आधी प्रज्ञा आहे आणि तिच्यानंतर समता आहे. दोन्ही बाजूंनी धरली नाही तर करुणा घसरते. प्रज्ञा नसली तर ती दुधाची वाटी होते. समता नसली तर ती बरणी होते.

प्रज्ञेचं सांगतो. चौदाव्या दिवशी मी एका सर्पमित्राला फोन लावला. दिवसा पंक्चर काढतो, रात्री लोकांच्या घरातले साप काढतो. तो आला. पहिल्यांदा विचारलं, ‘‘दिवसातून किती खेपा झाकन उघडतोस?’’ मी खरं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने जे सांगितलं ते असं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, पहिली कात टाकेपर्यंत त्याला बहुधा भूकच नसते. कात टाकायच्या आधी डोळे दुधी होतात, नीट दिसत नाही, तेव्हाही ते खात नाही. सापाचं रक्त बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब कमी पडली तर खाल्लेलं पचत नाही, उलटून पडतं. ऊब आणि सावली ही दोन्ही त्याला आपली आपण निवडता आली पाहिजेत. आणि लपायला जागा पाहिजे. ज्याला लपता येत नाही ते खात नाही, कारण खाताना साप सर्वांत दुबळा असतो, तोंड भरलेलं, पळता येत नाही.

ज्याला लपता येत नाही ते खात नाही. आम्ही नऊ जण त्या पोराच्या ताटाभोवती उभे होतो.

आणखी एक गोष्ट तो बोलला. ‘‘पोरकं काय म्हनतोस? सापाच्या पिल्लाले भरवनारी माय नसतेच. ते निघतं तेच आपलं आपन जगायले निघतं.’’ मी त्याला पोरकं ठरवलं, कारण मला आई व्हायचं होतं. दुसऱ्याला अनाथ ठरवल्याशिवाय नाथ होता येत नाही. देवळातल्या देवापासून मिलच्या मालकापर्यंत हाच धंदा आहे. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे साप घरात ठेवणं गुन्हा आहे, हेही त्याने सांगितलं. मी दया करत होतो आणि कायद्याने गुन्हेगार होतो.

पण उलट टोकालाही जाता येत नाही. ‘त्याला नको ना, मग सोडा’ हा काही सिद्धांत नव्हे. आपल्याच गडचिरोलीत बघा. नवजात बाळ दूध ओढायचं सोडतं तेव्हा ते मत देत नसतं, ते आजारी असतं. ते धोक्याचं लक्षण आहे, एक रात्र थांबलं तर बाळ जातं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायका शिकवून तयार केल्या. त्या घरोघर जाऊन बाळ बघत, वजन करत, अशी लक्षणं ओळखत आणि तिथेच उपचार करत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. तिथे ‘बाळाची मर्जी’ म्हणून सोडून देणं म्हणजे खून.

हेमलकशाचं उदाहरणही आहे. तिथे 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प चालतो. शिकारीत आई मेलेली पिल्लं डॉ. प्रकाश आमट्यांनी घेतली, वाढवली. आईच्या दुधावर जगणाऱ्या पिल्लाची आई मेली तर कोणीतरी पाजलंच पाहिजे. ते पिल्लू खरंच पोरकं असतं.

म्हणजे एकच ‘नाही’, पण अर्थ तीन. बाळाचं ‘नाही’ म्हणजे मी आजारी आहे, धाव. सापाच्या पिल्लाचं ‘नाही’ म्हणजे जागा चुकली, सोड. आणि त्या पोराचं ‘नाही’ म्हणजे, मला वाटतं, मला इथे कोणी ओळखत नाही. कोणतं ‘नाही’ कोणतं आहे, हे हृदयाने कळत नाही. हृदय तिन्ही ठिकाणी सारखंच भरून येतं. ते कळायला समोरच्याचं जगणं माहीत पाहिजे, त्याची भाषा पाहिजे, त्याची कात कधी निघते ते पाहिजे. म्हणून प्रज्ञा आधी. ‘सर्च’ने बाया गावातल्याच घेतल्या, त्या बाळंतिणीच्या बोलीत बोलत होत्या, हे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

आणि माणसाच्या ‘नाही’ला आणखी एक अर्थ असतो, जो सापाला नसतो. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणं सोडायला सांगितलं. आपली माणसं उपाशी होती, तरी त्यांनी सोडलं. गावाने विचारलं असेल, ‘‘एवढं देतो, आणि घेत नाहीत?’’ तो नकार म्हणजे माणूस उभा राहिल्याची खूण होती. मग माडिया पोराने आमचं ताट नाकारलं तेव्हा आम्हाला त्यात आपला इतिहास का दिसला नाही? आम्हाला फक्त उद्धटपणा दिसला. ज्याच्या बापाने ताट नाकारलं, तो पोरगा वाढपी झाल्यावर नाकारणाऱ्याला ओळखत नाही. ही मला या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते.

परवा एका कार्यकर्त्याला हे बोललो तर तो तापला. म्हणाला, ‘‘आपल्या जिल्ह्यात बाया मोहाला, तेंदूला जातात आणि वाघ घेऊन जातो. रोवणीत साप चावून मजूर मरतात. आणि तू सापावर करुणा लिहितो?’’ त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे 12 लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यास 2020 मध्ये छापून आला. मेले ते बहुतेक खेड्यातले, शेतात अनवाणी राबणारे. म्हणजे आपणच. घोणस, जिला आपल्याकडे परड म्हणतात, ती लेकराच्या खाटेखाली असेल आणि दुसरा उपाय नसेल तर मी फावडं उचलीन. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी हा गुंता सोडवलेला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. बुद्धाने इच्छेला नकार दिला. भुशाच्या ढिगात त्या दिवशी सात पिल्लं मेली, त्यात गरज शून्य होती. ती आमची इच्छा होती, सवय होती. दिवसभर ज्याच्यावर कोणीतरी ओरडतं त्याला मारायला काहीतरी सापडलं होतं.

त्याच ग्रंथात बाबासाहेब करुणेच्या पुढे मैत्री ठेवतात. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जीवांपर्यंत. मी याचा अर्थ माझ्यापुरता असा लावतो. करुणेत वर-खाली होण्याचा धोका आहे, देणारा उभा आणि घेणारा बसलेला. मैत्रीत दोघांची उंची सारखी लागते. मित्राने ‘नको’ म्हटलं तर आपण आगकाडी शोधत नाही. आपण विचारतो, काय झालं? आणि उत्तराची वाट बघतो. तेराव्या प्रतिज्ञेतलं ‘पालन’ मी आता असं वाचतो. दुसऱ्याला त्याच्या रीतीने जगता येईल एवढी जागा राखणं. कधी त्यासाठी भरवावं लागतं, कधी लढावं लागतं, कधी हात मागे घ्यावा लागतो. पाळणं नव्हे, जगू देणं. आणि जगू देणं हे पाळण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण त्यात आपल्याला कोणी धन्यवाद देत नाही.

पंधराव्या दिवशी वनखात्यात नोंद करून सर्पमित्र आणि मी, दोघे मिलच्या मागच्या बोडीवर गेलो. धान पोटरीत होतं. बरणी आडवी धरली. पिल्लू बराच वेळ हललंच नाही. मग जीभ काढली, दोनदा, आणि बांधाच्या गवतात गेलं. मागे वळून वगैरे बघितलं नाही. कथेत बघतात. ते जगलं की मेलं मला माहीत नाही. पंधरा दिवस उपाशी होतं, अंग वाळलेलं होतं, आणि बगळे, मुंगूस सगळेच टपलेले असतात. मेलं असेल तर त्यातला काही वाटा माझ्या दयेचा आहे. हे मी स्वतःला माफ करून लिहीत नाही.

या वर्षी ढिगाची मागची बाजू आम्ही दसऱ्यापर्यंत खोदली नाही. हमालांशी बोललो, दोघे हसले, बाकीच्यांनी ऐकलं. मालकाला एवढंच सांगितलं की धामणी राहिल्या तर उंदीर कमी होतात. ते खरंही आहे.

पोराचं राहिलं आहे. मंडळाच्या बैठकीत मी मांडणार आहे की पुन्हा पोरगा आणायच्या आधी आपल्यातल्या दोघांनी तिकडे जावं, महिना-दोन महिने राहावं, ते जे वाढतील ते खावं, त्यांची भाषा शिकावी, आणि मग त्या गावालाच विचारावं की तुम्हाला आमच्याकडून काही पाहिजे आहे का. कदाचित ते शाळा म्हणतील. कदाचित जमिनीचा, जंगलाचा कागद म्हणतील. कदाचित काहीच नको म्हणतील. ते तिसरं उत्तर ऐकायची आपली तयारी आहे का, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे. मी जायला तयार आहे, पगार कापला गेला तरी. दुसरं नाव पाहिजे.

त्या पोराच्या चपला अजून माझ्याकडे आहेत. आता त्या त्याला लहान झाल्या असतील.

जय भीम.